घेवड्याचं बी तीन घरी ठेवा

आम्ही जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या, डोंगराच्या कुशीतल्या एका गावातल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. आम्ही अकराजणी आहोत. रेडिओवर एकीनेच बोलायचं असतं, म्हणून आमच्यातली एक वाचतेय. पण हे लिहिलंय सगळ्यांनी मिळून, चावडीच्या ओट्यावर बसून.

मृग तोंडावर आलाय. भाताच्या रोपांची राखण, शेणखताच्या फेऱ्या, घराची शाकारणी, सगळी घाई एकदम सुरू होईल. त्या घाईत परसातला घेवडा मागे राहतो. म्हणून आज घेवड्याबद्दल बोलायचं ठरवलं. कुणी त्याला वाल म्हणतं, कुणी वालपापडी, कुणी पावटा. आम्ही ज्याच्याबद्दल बोलतोय तो मांडवावर चढणारा, चपट्या शेंगांचा, दसरा-दिवाळीला फुलणारा आणि भोगीच्या भाजीत लागतोच लागतो तो वेल.

आमच्या गावात या घेवड्याचं एक जुनं बी होतं. शेंग हिरवी, पण कडेला जांभळी रेघ. दाणा तांबूस, त्याला पांढरी चोच. शेंग कोवळी असली की नुसत्या तेल-मिठावर परतली तरी गोड लागायची, आणि जून झाली की दाण्याची आमटी. हे बी आमच्या सासवांनी त्यांच्या सासवांकडून घेतलं. कुणी विकत आणल्याचं कुणाला आठवत नाही.

हे बी आम्ही जवळजवळ घालवलं होतं. कसं, ते आधी सांगतो. कारण चूक आमचीच होती.

तीन वर्षांपूर्वी गटाच्या बैठकीत ठरलं की प्रत्येकीने आपापल्या घरी चिंधीत बी बांधून ठेवण्यापेक्षा सगळ्यांचं बी एकत्र करू. एका मोठ्या प्लास्टिकच्या बरणीत भरू आणि गटाच्या कपाटात ठेवू. हिशेबाची वही जिथे, तिथेच बी. विचार चांगला वाटला. बी गोळा झालं, बरणी अर्धी भरली, झाकण लावलं, कपाटाला कुलूप लावलं. कुणाचं बी नीट वाळलंय, कुणाचं ओलसर आहे, हे कुणी पाहिलं नाही.

मृगाच्या आधी बरणी उघडली तर आत पीठ. प्रत्येक दाण्याला भोक, आणि तपकिरी बारीक भुंगे बाहेर पळायला लागले. शंभर दाणे निवडून ओल्या फडक्यात बांधले, त्यातले चारदेखील फुगून वर आले नाहीत. सगळ्यांचं बी एका जागी होतं, म्हणून सगळ्यांचं एकदम गेलं.

त्या वर्षी आम्ही दुकानातून पुडी आणली. ते बी वाईट नव्हतं, पण ते बुटक्या जातीचं निघालं. दोन महिन्यांत शेंगा आल्या, दोन-तीन तोडे झाले आणि झाड संपलं. शेतात एकदम पीक काढायचं असेल तर तशी जात सोयीची असते. पण आपल्याला परसात काय हवं असतं? दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत दर तीन-चार दिवसांनी भाजीपुरत्या शेंगा. ते काम मांडवावरचा वेलच करतो. त्या वर्षीच्या भोगीला आम्ही आठवडी बाजारात पाव किलोसाठी रांगेत उभ्या होतो, आणि ती चव नव्हती ती नव्हतीच.

मग आमच्यातल्या एकीला आठवण झाली, गावाच्या टोकाला राहणाऱ्या आजींची. त्या एकट्या असतात. गट सुरू झाला तेव्हा त्याही आल्या होत्या. पण महिन्याची बचत भरणं त्यांना जमेना. दोन महिने हप्ता चुकला आणि आम्ही त्यांचं नाव वहीतून कमी केलं. नियम म्हणजे नियम, असं म्हणालो होतो. हे सांगताना आज आम्हाला बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

आम्ही चौघी-पाचजणी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चुलीवरच्या माळ्यावरून एक लहान गाडगं काढलं. तोंडाला फडकं, वर शेणमातीचं लिंपण. फोडलं तर आत राख. राखेत हात घातला आणि मूठ उघडली, तर तोच तांबूस दाणा, पांढऱ्या चोचीचा. एकालाही भोक नाही.

आम्ही पैसे देऊ केले. आजी म्हणाल्या, "बियाचे पैसे घेत नसतात. न्याल तेवढ्याचं दुप्पट पुढच्या साली आणून द्या." प्रत्येकीला दहा दाणे मिळाले. दहाच.

त्या दहा दाण्यांचं आम्ही काय केलं, ते आता सांगतो. ज्यांच्याकडे बी आहे त्यांनी ऐका, आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनीही ऐका, कारण बी मागून मिळतं.

आधी वेळ. मांडवी घेवड्याला दिवस लहान व्हायला लागले की फुलायचं कळतं. म्हणून पाऊस लागल्यावर, जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत लावा. पावसाळाभर तो नुसता वाढतो, पानांनी मांडव भरतो, आणि दसऱ्याच्या आसपास फुलांचे तुरे काढतो. आमच्यातल्या एकीने एकदा फेब्रुवारीत बी टोकलं होतं. वेल छपरावर गेला, फूल मात्र दिसेना. तिने चिडून उपटून टाकला. वेलाची चूक नव्हती, वेळेची होती.

जागा अशी बघा की दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही. आमच्याकडे पाऊस फार, म्हणून आम्ही खड्डा भरून वर वीतभर उंच आळं करतो. हातभर लांब-रुंद, तेवढाच खोल खड्डा आत्ताच काढून उन्हात तापू द्या. पाऊस पडायच्या आधी अर्धं घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळून भरा. दोन खड्ड्यांत चार-पाच फूट अंतर ठेवा. एका घराला चार-पाच वेल पुष्कळ होतात.

बी रात्री पाण्यात भिजवा, सकाळी बोटाच्या एका पेराएवढं खोल टोका. एका आळ्यात तीन दाणे, उगवले की जोमदार दोन ठेवा. गोगलगाय रोप खाते, म्हणून पहिले पंधरा दिवस संध्याकाळी बत्ती घेऊन बघा आणि वेचून काढा. रोपाभोवती कोरडी राख टाकली तर तीही उपयोगी, पण पावसाने वाहून गेली की पुन्हा टाकावी लागते.

वेल हातभर झाला की आधार द्या. मांडव हात पोचेल एवढाच उंच करा, म्हणजे शेंगा तोडायला कुणाला हाक मारावी लागणार नाही. बांबू नसेल तर निरगुडीच्या काठ्या, कुंपण, शेवग्याचं झाड, काहीही चालतं. ज्यांना परसच नाही त्यांनी दाराशी आळं करून वेल छपरावर सोडा. आजींचा वेल तसाच आहे.

युरियाच्या मागे लागू नका. घेवडा डाळीच्या कुळातला. त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात. वरून नत्र फार दिलं तर पानं माजतात आणि फूल कमी येतं. महिन्यातून एकदा जीवामृत किंवा ताकात पाणी घालून आळ्यात ओता, पुरे. पाऊस थांबला की आठवड्यातून दोनदा पाणी द्या. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी उत्तम. साबणाचं पाणी मुळाशी नको. फूल लागल्यावर माती अगदी कोरडी पडू देऊ नका, नाहीतर फुलं गळतात.

आता मावा. ढगाळ हवा आली की कोवळ्या शेंड्यावर आणि फुलांच्या तुऱ्यावर काळी पूड बसल्यासारखी दिसते, तो मावा. मुंग्यांची रांग वेलावर चढताना दिसली की समजा, तो आलाय. सुरुवातीलाच शेंडा खुडून लांब पुरून टाका. जास्त असेल तर निंबोळीची पूड, एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम, रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. पाठीवर ठिपके असलेला लाल ढालकिडा दिसला तर त्याला मारू नका, तो माव्यावरच जगतो. शेंगेला भोक दिसलं तर आत अळी आहे. शेंग तोडून नष्ट करा. दर तीन दिवसांनी शेंग तोडून आपण लेकरांना खाऊ घालतो, त्या वेलावर दुकानातलं जहाल औषध मारायचं नाही, असा आमच्या गटाचा नियम आहे. हा नियम मात्र आम्ही मोडत नाही.

शेंगा तोडण्यात हयगय करू नका. जून शेंग वेलावर तशीच राहिली की वेलाला वाटतं आपलं काम झालं, आणि नवं फूल कमी येतं.

खाण्याबद्दल एक सांगणं. कोवळी शेंगसुद्धा कच्ची खाऊ नका. आणि सुके वाल नेहमी रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, मग नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. सुक्या वालात न शिजवता खाल्ले तर बाधणारे घटक असतात. आपल्या आज्या मोड आणून, साल काढून डाळिंब्या करायच्या ते उगाच नाही. नीट शिजवलेला वाल मात्र मोठं अन्न आहे. शंभर ग्रॅम सुक्या वालात वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. गरोदर सून, वाढतं पोर, म्हातारं माणूस, सगळ्यांच्या ताटात तो असावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बी.

बियासाठी शेंगा शेवटी उरलेल्या घ्यायच्या नाहीत. पहिल्या-दुसऱ्या तोड्यालाच सगळ्यात निरोगी वेल निवडा, त्याच्यावरच्या चांगल्या पंधरा-वीस शेंगांना लाल चिंधी बांधा आणि घरात सगळ्यांना सांगा, यांना हात लावायचा नाही. त्या वेलावरच वाळू द्या, हलवल्यावर दाणा खुळखुळला पाहिजे. घेवड्याच्या दोन जाती लावल्या असतील तर एक घरापुढे, एक घरामागे लावा. मधमाश्यांमुळे थोडी मिसळ होते, अंतर असलं की बी शुद्ध राहतं.

दाणे काढल्यावर तीन-चार ऊन द्या. दाताखाली धरला तर दाणा दबला नाही पाहिजे, कट्ट वाजला पाहिजे. गार झाल्यावर जेवढं बी तेवढीच शेणीची चाळलेली, कोरडी राख घ्या, मिसळा आणि गाडगं काठोकाठ भरा. तोंड फडक्याने बांधून लिंपा. मे महिन्यात दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा. पाच-सहा दिवसांत सात-आठ रुजले तर बी चांगलं. आजही घरी गेल्यावर हे करता येईल, अजून वेळ आहे.

आणि बी एका घरात ठेवू नका. आम्ही आता तीन घरांत ठेवतो, तीन वेगवेगळ्या आळ्यांमध्ये. एका घरी उंदीर लागला, पाणी शिरलं, भुंगा पडला, तरी दोन घरी उरतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेत न गेलेल्या त्या माउलीने घेवड्याची आणि इतर भाज्यांची, भाताची गावरान वाणं घरात सांभाळली, बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या डोंगरापलीकडचंच गाव ते. ज्या कामाला आपण घरातली किरकोळ खटपट म्हणतो, ते काम केवढं आहे, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

आमचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. दहा दाण्यांतून त्या वर्षी बहुतेकींचे वेल चढले. दोघींचे पावसात कुजले, त्यांना बाकीच्यांनी बी दिलं. संक्रांतीला आम्ही सगळ्यांनी मिळून आजींच्या दारात बसून भोगीची भाजी केली. आणि शिवरात्रीनंतर प्रत्येकीने वीस दाणे मोजून त्यांच्या पदरात टाकले.

त्याच दिवशी वहीत त्यांचं नाव पुन्हा लिहिलं. आता नियम बदललाय. ज्या महिन्यात पैसे जमणार नाहीत, त्या महिन्यात बी जमा केलं तरी चालतं. त्या रकान्यात आम्ही रुपये लिहीत नाही, दाणे लिहितो. आजी म्हणतात, "हीपण बचतच की गं." वहीत सध्या त्यांची बचत आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही असं एखादं गाडगं कुणाच्या तरी माळ्यावर असेल. या आठवड्यात जा आणि विचारा. नेताना दुप्पट परत देण्याचं कबूल करा, आणि द्या. बी मिळालं की दहा दाणे लावा आणि दोन शेजारणींना सांगा.

मृग चांगला बरसो. नमस्कार.