पाच वाजता आलेले मजूर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘आपली पिढी आणि तिची मूल्ये’ याकडे एका ख्रिस्ती घरातली मुलगी कशी पाहते ते सांग, असे संयोजक म्हणाले. मी उपदेश करणार नाही; माझी एक चूक सांगणार आहे.

१९९१ साली देशाचे आर्थिक धोरण बदलले, तेव्हा आपण सहावीत होतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ना जमीनजुमला होता, ना ओळखीपाळखी. होते ते फक्त मार्क. त्यामुळे कष्टावर आपला गाढ विश्वास बसला. हा आपल्या पिढीचा मोठा गुण. पण दोषही त्याच्याच पोटात आहे. ज्याला मिळाले नाही त्याने कष्टच केले नसणार, असे आपण धरून चालतो.

शब्बाथ शाळेत आम्हाला येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला शिकवत. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो. मग नऊ, बारा, तीन आणि शेवटी संध्याकाळी पाचलाही जाऊन मजूर आणतो. दिवस मावळल्यावर सगळ्यांना सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी देतो. पहाटे आलेले कुरकुरतात. लहानपणी मी त्यांच्याच बाजूची होते. पुढे ऑफिसात टीमचे अप्रेझल करू लागले, तेव्हा तर हा हिशेब मुळीच पटेना.

या मेळाव्याची यादी माझ्याकडे होती. मी ती दहावीच्या निकालावरून केली, फक्त उत्तीर्ण झालेल्यांची. त्यात काही चुकते आहे असे मनातही आले नाही. आईने यादी वाचली आणि विचारले, “तुझ्याबरोबर डबा खायची ती कुठंय यात?”

ती गणितात राहिली होती.

आई म्हणाली, “पाच वाजताचे मजूर दिवसभर आळशीपणानं उभे नव्हते गं. त्यांना कुणी कामावर लावलंच नव्हतं.”

दाखला मला पाठ होता, पण हे कधी लक्षात आले नव्हते. मला गणिताची शिकवणी होती. ती खुरपायला जाऊन मग शाळेत यायची.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, “मला वाटलं, मी तुमच्या बॅचची नाहीच.”

हे तिच्या परवानगीने सांगते आहे. आज तिला कामावरून सुटी मिळाली नाही.

न कमावता मिळते, त्याला आम्ही देवाची कृपा म्हणतो. चांगले शिक्षक, शिकवणीची फी, वेळेवर मिळालेला डबा, हे मी कमावले नव्हते. तरी सगळे माझ्याच खात्यावर जमा धरत आले.

दहावीत राहिलेले आपले अकरा जण होते. सात सापडले, चार आज आपल्यात बसले आहेत. उरलेल्यांची नावे घेऊन मी दाराशी उभी राहीन. कोणाला पत्ता माहीत असेल तर सांगा. पाच वाजले असले, तरी धनी पुन्हा बाहेर पडला होता.