फरशी कुणाच्या पायांसाठी?

बोलायचं आहे फरशीबद्दल. मी बी. ए. झालेला कवी, गवंडी नव्हे. पण घरात मांजर आणि दाराशी शेळी असलेल्या माणसाला फरशीचं थोडं कळू लागतं.

आमच्या हिंगोली भागातली जुनी घरं पांढऱ्या मातीची. भुई शेणानं सारवलेली. तिच्यावर करडू उड्या मारायचं, कोंबड्या फिरायच्या, पण कुणाचा पाय घसरायचा नाही. खड्डा पडला की पोतेरं घेऊन बसायचं. बसायची अर्थात घरातली बाईच. तिच्या कंबरेचं काय व्हायचं, ते सारवणाचं कौतुक करणारे आम्ही कवी लिहीत नाही. पुढं शहाबादी आली, मग चकचकीत टाइल्स. आता शहरात नोकरी करणारी मुलं गावाकडच्या घरातही लॅमिनेट बसवू म्हणतात.

माझ्या भाच्यानं कळमनुरीच्या घरासाठी हाच हट्ट धरला. "मामू, लाकडाची जमीन आहे. मांजरीच्या नखांचा ओरखडासुद्धा उठत नाही."

ओरखड्याचं त्याचं म्हणणं बरोबर आहे. लाकडाचं मात्र अर्धंच. लॅमिनेट म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी. तिच्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद आणि सगळ्यात वर मेलामाइनचा थर. त्या थरात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कठीण कण असतात, म्हणून नखं चालत नाहीत. १९७७ साली स्वीडनच्या पेर्स्टॉर्प कंपनीनं ही युक्ती काढली. खोक्यावर एसी-३, एसी-४ असे आकडे असतात, ते मुख्यतः झीज सोसण्याचे. घरात एसी-३ चालतं. जनावर असेल तर एसी-४ घ्यावं.

पण या फरशीला नखांपेक्षा पाण्याचं भय जास्त. मांजर कोपऱ्यात मुतली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर ओल सांध्यांतून आत शिरते आणि कडा फुगतात. फुगलेली कड पुन्हा बसत नाही. वास आत राहतो, आणि त्या वासानं मांजर पुन्हा तिथंच येते. आपल्याकडे तर बादलीभर पाणी ओतल्याशिवाय जमीन धुतल्यासारखी वाटत नाही. आमची अम्मी पाच वेळा याच जमिनीवर जानमाज अंथरते. धुता न येणारी जमीन तिला कशी चालावी?

भाच्याला म्हटलं, "बेटा, दुकानातून दोन-तीन नमुन्यांचे तुकडे आण आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेव." सकाळी एकाची कड पापडासारखी फुगली होती. दुसरा तसाच होता, पण महाग. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा बादलीवर भरवसा ठेवावा.

दुसरी गोष्ट घसरण्याची. गुळगुळीत टाइलवर शेळीचे खूर फाकतात. गाभण शेळी तशी पडली तर दोन जीवांचा प्रश्न. म्हातारी मांजर उडी मारायला कचरते. आणि ज्या फरशीवर शेळी घसरते, तिच्यावर ऐंशीकडे झुकलेली अम्मीही घसरू शकते. म्हणून लॅमिनेट घ्या किंवा टाइल, हात फिरवल्यावर खरखर लागली पाहिजे.

माझा स्वतःचा कौल कमी पॉलिशच्या शहाबादीला. कर्नाटकातल्या शहाबादचा हा दगड चुनखडीचा, त्यामुळे त्याच्यावर संडास धुण्याचं अ‍ॅसिड टाकू नये. फेस येतो आणि दगड खातो. डाग त्यालाही पडतात, सांधे नीट भरावे लागतात. पण तो फुगत नाही आणि पाण्याला भीत नाही.

आणि फरशी कुठलीही असो, मांजर असलेल्या घरात फिनेल जपून. तिच्या शरीराला ते नीट पचवता येत नाही. फरशीवरचं पायाला लागतं, आणि पाय ती चाटते. साधं साबणाचं पाणी वापरा, वर कोरडं फडकं मारा.

भाच्यानं अखेर वरच्या खोलीत तो महागातला लॅमिनेट घातला आणि खाली शहाबादी. मांजर वर फारशी जात नाही. मे महिन्यात ती खालच्या दगडावर पोट टेकून पडलेली असते.