रक्ताची जुळवणी आणि एक नवे औषध

रोग्याचा रक्तगट पक्का ठाऊक आहे, त्याच गटाच्या पिशव्या रक्तपेढीच्या शीतकपाटात आहेत, आणि तरीही जुळवणीच्या परीक्षेत एकही पिशवी उतरत नाही, असा प्रसंग पूर्वी विरळा असे. 2015 साली दाराटुमुमॅब नावाचे औषध अमेरिकेत मान्य झाले, आणि त्यानंतर हा अनुभव रक्तपेढ्यांना वारंवार येऊ लागला. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगावर ते फार गुणकारी आहे. पण हा रोग मुळातच पांडुरोग आणणारा. म्हणजे ज्याला हे औषध द्यावयाचे त्यालाच बहुधा रक्तही द्यावे लागते.

घोटाळा कसा होतो हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ए, बी, ओ हे गट लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखविले. पण तांबड्या पेशींवर याखेरीज शेकडो प्रतिजन असतात. पूर्वी रक्त घेतलेल्या रोग्याच्या किंवा बाळंत झालेल्या स्त्रीच्या रक्तात त्यांपैकी एखाद्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात. ती पेशींना चिकटतात, पण डोळ्यांना दिसेल अशी गुठळी करीत नाहीत. 1945 साली कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी या लपलेल्या प्रतिपिंडांना उघडे पाडणारी परीक्षा प्रसिद्ध केली. मानवी प्रतिपिंडाला पकडणारे द्रव्य घातले की प्रतिपिंडे चिकटलेल्या पेशी एकमेकींत गुंततात. आजही रक्तजुळवणीचा मोठा भार याच परीक्षेवर आहे.

आता गंमत पाहा. गंमत म्हणावयाची ती रक्तपेढीबाहेरच्यांनी! दाराटुमुमॅब हे स्वतःच एक मानवी प्रतिपिंड आहे. ते कर्कपेशींवरील सीडी 38 या प्रथिनाला धरते. हेच प्रथिन तांबड्या पेशींवरही अत्यल्प प्रमाणात असते. त्यामुळे रोग्याच्या रक्तद्रवातले औषध प्रत्येक दात्याच्या पेशींना चिकटते, आणि कूम्ब्स परीक्षा प्रत्येक वेळी धोक्याची घंटा वाजविते. औषध थांबविल्यावरही हा परिणाम सहा महिन्यांपर्यंत टिकू शकतो.

ही घंटा खोटी आहे असे म्हणून ती कानाआड करता आली असती, तर प्रश्नच नव्हता. पण त्याच गलबल्यात एखादे खरे प्रतिपिंड, समजा किड गटाविरुद्धचे, दडलेले असेल, तर दिलेल्या पेशी काही दिवसांनी फुटू लागतात, रोगी पिवळा पडतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. खरे भय ते हे.

यावर प्रयोगशाळांनी काढलेला उपाय साधा आहे. परीक्षेच्या पेशी डायथायोथ्रेटॉल या रसायनाने आधी धुवून काढतात. ते प्रथिनांतले गंधकाचे बंध तोडते, सीडी 38 चा आकार मोडतो आणि औषधाला धरावयास जागा उरत नाही. परंतु त्याच झपाट्यात केल गटाचे प्रतिजनही नष्ट होतात, म्हणून केलविरुद्धचे प्रतिपिंड असले तरी ते सापडत नाही. त्यासाठी अशा रोग्याला सामान्यतः केल-प्रतिजन नसलेले रक्त देतात. युरोपीयांत शंभरात सुमारे नऊ जणांत हा प्रतिजन आढळतो, भारतीयांत त्याहूनही विरळ. तेव्हा असे रक्त आपल्याकडे मिळणे अवघड नाही.

तथापि माझ्या मते सर्वांत मोलाचे काम रसायनाचे नव्हे, वेळेचे आहे. औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वीच रोग्याच्या रक्ताचा नमुना रक्तपेढीकडे गेला, तर त्याचा गट, त्याच्या प्रतिपिंडांची तपासणी आणि केल, किड, डफी इत्यादी प्रतिजनांचा सविस्तर आलेख निर्वेध मिळतो. पुढे त्याच्याशी मिळते रक्त निवडता येते. नुकतेच रक्त दिलेले असेल, तर दात्याच्या पेशी मिसळलेल्या असल्याने जनुकांवरून हा आलेख काढणे अधिक विश्वासार्ह.

अडचण ही की औषध देणारा वैद्य एका इमारतीत, रक्तपेढी दुसरीत, आणि कित्येकदा दुसऱ्या गावात असते. मागणीच्या कागदावर ‘रक्तक्षय’ एवढेच लिहून येते, आणि तंत्रज्ञ रात्रभर पिशव्या तपासीत बसतो. रक्तस्राव होत असेल तर मात्र थांबावयाचे नाही. एबीओ आणि आर्‌एच यांच्या परीक्षांना हे औषध बाधा आणीत नाही, म्हणून त्या जुळलेले रक्त वैद्याच्या जबाबदारीवर द्यावे, असाच प्रघात आहे.

हे उपचार घेणाऱ्या रोग्याजवळ औषधाचे नाव, शेवटच्या मात्रेची तारीख आणि पूर्वीच्या तपासणीचा निकाल लिहिलेले कार्ड असावे. नातलगांनी रक्त आणावयास जाताना ते कार्ड खिशात घ्यावे आणि खिडकीवरच्या माणसाने विचारण्याआधीच पुढे करावे.