हृदयाची नोंदवही : त्वचेवर वसणारे संवेदक
(सुवर्णमहोत्सवानिमित्त अकोट येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आरोग्यविषयक चार शब्द सांगण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आजचा विषय आहे अंगावर धारण करता येणारे लवचीक हृदय-संवेदक, म्हणजेच सेन्सर. विषय नवा आहे. त्यामागचा प्रश्न मात्र जुनाच आहे. हृदयातील बिघाड वेळीच कसा कळावा?

मिनिटाला ७२ ठोके धरले, तर हृदय दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा धडधडते. दवाखान्यातील नेहमीचा ईसीजी साधारण १० सेकंदांची नोंद घेतो, म्हणजे जेमतेम १२ ठोक्यांची. कित्येकांना मधूनच धडधड होते, भोवळ येते आणि दवाखाना गाठेपर्यंत सारे पूर्ववत होते. कागद निर्दोष येतो, रोग मात्र तसाच राहतो. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ हा लयबिघाड अनेकदा असाच लपंडाव खेळतो. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत पोहोचली, तर पक्षाघात ओढवतो.

हा लपंडाव उघडकीस आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस केला. त्यांचे यंत्र पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते! आज खिशाएवढ्या झालेल्या यंत्रालाही आपण ‘होल्टर’च म्हणतो. आपल्या महाराष्ट्रातही, पवईच्या आयआयटी मुंबईत, २००० नंतरच्या दशकात ‘सिलिकॉन लॉकेट’ हे अंगावर बाळगण्याचे छोटेखानी ईसीजी उपकरण विकसित झाले. चालताना-वाकताना अशा नोंदीत गडबड मिसळते आणि एरवी ती गाळून टाकली जाते. तन्मय पवार, सुभाषिस चौधुरी आणि सिद्धार्थ दत्तगुप्ता या तेथील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या गडबडीवरूनच माणूस चालतो आहे की जिना चढतो आहे, हे ओळखण्याची रीत मांडली. ठोके श्रमाने वाढले की बसल्या जागी, हे कळल्यावाचून नोंदीचा अर्थ लागत नाही, म्हणून या कामाचे मोल मोठे आहे.

पुढची अडचण कातडीची. ती ताणली जाते, दुमडते. कठीण उपकरण तिच्यावर नीट बसत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या गटाने त्वचेसारखा पातळ, ताण सोसणारा विद्युत परिपथ तयार केला. त्यातील धातूच्या तारा सरळ नसून नागमोडी असतात. सरळ तार ओढ बसताच तुटते, नागमोडी तार उलगडते. चांदीचा मुलामा दिलेला धागा कापडात विणूनही असे संवेदक तयार होतात. विणकामाशी जुने नाते असलेल्या अकोटकरांना हे तत्त्व सहज उमगेल. मात्र आपल्याकडील उन्हाळ्याचा घाम चिकटपट्टीची कठोर परीक्षा घेतो. म्हणून अशी पट्टी निवडताना ती घामात किती दिवस टिकते, हे अवश्य विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही साधने मुख्यतः हृदयाची लय सांगतात. हृदयविकाराचा झटका हा बहुधा रक्तवाहिनीतील अडथळ्यामुळे येतो आणि मनगटी घड्याळाचा ईसीजी तो ओळखू शकत नाही. छातीत कळ येत असताना घड्याळ ‘लय नियमित’ म्हणाले, म्हणून घरी पडून राहणे प्राणावर बेतू शकते. उलट बाजूही ध्यानात घ्यावी. चार लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात घड्याळाने अनियमित नाडीची सूचना दिलेल्यांपैकी ज्यांनी नंतर ईसीजी पट्टी लावून परत पाठवली, त्यांतील ३४ टक्के जणांच्याच नोंदीत एट्रियल फिब्रिलेशन आढळले. सूचना आली की घाबरू नये, वैद्यांना दाखवावे.

अकोला येथून सुमारे ४५ किलोमीटर आहे. झटक्याच्या वेळी एकेक मिनिट मोलाचे असते, कारण रक्ताविना हृदयाचा स्नायू मरत जातो. भाभा अणुसंशोधन केंद्राने तळहातावर मावणारे, मोबाइलद्वारे १२ लीडचा ईसीजी दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवणारे यंत्र विकसित केले आहे. दहा घरांत दहा महागडी घड्याळे येण्याऐवजी गावात असे एक यंत्र, ते हाताळणारा एक प्रशिक्षित माणूस आणि नोंद तत्काळ वाचणारा एक डॉक्टर, एवढी साखळी जोडली गेली, तर अधिक जीव वाचतील. त्याच्या जोडीला तरुणांनी छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची कृती शिकावी आणि कळ येताच १०८ क्रमांक फिरवण्यास कोणी संकोच करू नये. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी नम्र विनंती करतो.