परदेशी शिक्षण आणि राहण्याची सोय
(वार्षिक समारंभातील भाषण)



घोटीचा मुलगा नाशिकला शिकायला निघाला तरी आई आधी विचारते, "राहशील कुठे?" मुलगा लंडनला निघाला, की मात्र आपण फी आणि तिकिटाचा हिशेब करतो आणि हा प्रश्न विसरतो.

माझा एक माजी विद्यार्थी असाच फसला. फोटो पाहून त्याने इथूनच खोलीचे पैसे पाठविले. तेथे पोहोचल्यावर कळले, त्या पत्त्यावर भाड्याची खोलीच नव्हती! वडिलांनी भात विकून उभे केलेले ते पैसे होते. लाजेने त्याने घरी कळविलेसुद्धा नाही.

म्हणून सांगतो, खोली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. सुरुवातीचे दिवस वसतिगृहात काढा. फिट्झरॉय स्क्वेअरच्या इंडियन वायएमसीएत कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला थोड्या मुदतीसाठी राहता येते. तेथे राहून खोली शोधा. इंग्लंडच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे खोली राखून ठेवण्यासाठी एका आठवड्याच्या, आणि अनामत म्हणून सर्वसाधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक रक्कम घेता येत नाही. पावती अवश्य मागा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरही १९२१-२२ साली लंडनमध्ये १०, किंग हेन्रीज रोड येथे भाड्यानेच राहिले. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. साध्या खोलीत राहण्यात कमीपणा नाही.

पालकांनो, तिकीट काढण्यापूर्वी मुलाला नक्की विचारा, "राहशील कुठे?" आणि तो फसलाच, तर रागावण्याआधी त्याचे ऐकून घ्या.