धाकटी व्हीबीए



नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाचे कारखाने आहेत. अशा कारखान्याच्या ऑफिसात महिनाअखेरीला मस्टरवरून पगारपत्रक निघतं: पाळ्या, ओव्हरटाइम, उचल, कपात. एखादा हुशार कारकून त्यासाठी एक्सेलमध्ये मॅक्रो लिहितो, आणि नव्यानं शिकून आलेला इंजिनिअर नाक मुरडतो. म्हणे, ही काय प्रोग्रामिंगची भाषा झाली?

झाली की! मॅक्रोची भाषा व्हीबीए. तिची थोरली बहीण व्हिज्युअल बेसिक १९९१ ची. धाकटी १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीतून आली. व्याकरण जवळपास एकच, फरक बिऱ्हाडाचा. थोरलीत लिहिलेल्या प्रोग्रामची वेगळी ईएक्सई फाइल होते, एक्सेल नसलेल्या कॉम्प्युटरवरही ती चालते. मात्र रकान्यांचा तक्ता, बेरजा, छपाई, सगळं आपणच उभं करायचं. धाकटीला हे एक्सेलकडून आयतं मिळतं. पण एक्सेल बंद की तीही बंद.

आपल्या कामाची एक गोष्ट. थोरलीच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे व्हीबी ६ मध्ये, मूळ चौकटींत युनिकोड देवनागरी उमटत नाही, प्रश्नचिन्हं येतात. मॅक्रोच्या एडिटरमध्येही सहसा तेच. ‘अ’ हवा तर २३०९ हा त्याचा क्रमांक देऊन मागवावा लागतो. पण कामगाराचं नाव एक्सेलच्या खान्यात मराठीत असेल, तर मॅक्रो ते बिनचूक उचलून पगारचिठ्ठीवर ठेवतो.

आणि टिकली कोण? व्हीबी ६ ला मायक्रोसॉफ्टनं दिलेला आधार एप्रिल २००८ मध्ये संपला. तिचे जुने प्रोग्राम विंडोजवर अजून चालतात, एवढंच. परावलंबी म्हणून हिणवलेली धाकटी आजही प्रत्येक डेस्कटॉप एक्सेलमध्ये आहे.

तिची खोडही फायलीसोबतच फिरते. १९९९ चा मेलिसा व्हायरस याच भाषेत लिहिलेल्या, वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला. म्हणून २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलीतले मॅक्रो आपोआप अडवले जातात. मेलवर आलेलं पगारपत्रक उघडून ‘बटण चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

चार जणांना एकाच वेळी नोंदी करायच्या असतील, तर मात्र वेगळा प्रोग्राम आणि डेटाबेसच घ्या. एकट्या कारकुनाला मॅक्रो पुरतो. तो नोकरी सोडून गेला, तरी ऑल्ट आणि एफ ११ दाबा. पासवर्ड घातलेला नसेल, तर त्याचं सगळं लिखाण समोर येतं. नुसत्या ईएक्सईवरून ते वाचता येत नाही.