गव्हर्नराचा बंगला आणि खेड्यातील मुले

पावसाळ्याच्या तोंडाशी पुण्याच्या गणेशखिंडीत गेलात, तर बगलेत दाखल्यांची चळत आणि पायांत चिखलाने माखलेल्या चपला अशा थाटात नाशिककडून, अहिल्यानगरकडून आलेली मुलेमुली विद्यापीठाच्या जुन्या इमारतीकडे क्षणभर दबकून पाहताना आढळतात. त्यांचे दबकणे स्वाभाविक आहे, कारण ती इमारत मुळी त्यांच्यासाठी बांधलेलीच नव्हती. तो मुंबईच्या गव्हर्नराचा प्रासाद. १८९७ च्या २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी तेथेच झडली, आणि ती आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली ती गणेशखिंडीच्याच रस्त्यावर. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि लाटसाहेबांच्या वास्तूत सरस्वतीचे दफ्तर मांडले गेले. २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. गव्हर्नराच्या बंगल्यावर सावित्रीबाईंचे नाव, हा काळाने उगवलेला सूड म्हणावा की फेडलेले ऋण, याचा निवाडा मी आपणांवर सोपवितो.

अभ्यासक्रमांची यादी मी वाचून दाखविणार नाही. ती माहितीपत्रकात असते आणि दरसाल बदलते. एकाच आवारात पालीपासून पर्यावरणशास्त्रापर्यंतचे विभाग आहेत, ललित कला केंद्रात नाट्य, नृत्य आणि संगीत हे पदवीचे विषय आहेत, आणि फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इमारतीत जर्मन, जपानी, रशियन शिकता येते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने श्रेयांकांची जी सोय केली आहे, तिच्यामुळे आपल्या विषयाच्या कुंपणापलीकडचेही काही पदरात पाडून घेता येते. परंतु कुंपण ओलांडण्याची हौस विद्यार्थ्याला असावी लागते, तिची तरतूद कोणत्याही धोरणात नसते.

ती हौस लागते कोठे, असे कोणी विचारील, तर मी म्हणेन की बहुधा वर्गाबाहेर. जयकर ग्रंथालयात शेजारी बसलेला भूगोलाचा विद्यार्थी, खानावळीत ताट घेऊन समोर येणारी संस्कृतची विद्यार्थिनी, किंवा जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत मंदपणे झुलणारा तो फुकोचा लंबक, ज्याच्यापुढे इतिहासाचा विद्यार्थीही पृथ्वीच्या फिरण्याचा पुरावा पाहत मुकाट्याने उभा राहतो.

वर्गाबाहेरच्या गोष्टींत मला मात्र सर्वाधिक अगत्याची वाटते ती ‘कमवा आणि शिका’ ही योजना. तिचे बीज कर्मवीर भाऊराव पाटलांचे; १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढताना, गरिबाच्या मुलाने दानाने नव्हे तर आपल्या घामाने शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. या विद्यापीठातही तिची परंपरा चालत आली आहे. विद्यार्थ्याने आपल्या तासिका सांभाळून ग्रंथालयात पुस्तके लावावीत, कचेरीत नोंदी कराव्यात, प्रयोगशाळेत किंवा बागेत राबावे, आणि तासांच्या हिशेबाने मोबदला घ्यावा, अशी ती साधी व्यवस्था. मोबदला फार मोठा असतो असे नाही. पण मी स्वतः या योजनेत ग्रंथालयातील कपाटे पुसली आहेत, आणि पुसता पुसता जी पुस्तके उघडून पाहिली, ती माझ्या अभ्यासक्रमात कधीच नेमलेली नव्हती. प्रारंभी वर्गातील सोबती पाहतील म्हणून मी फडके लपवीत असे. पुढे त्यांच्यापैकीच दोघे माझ्या शेजारच्या कपाटाशी फडके घेऊन उभे राहिले, तेव्हा लपविण्यासारखे काही उरले नाही.

यंदा प्रवेश घेतलेल्यांपैकी ज्यांच्या घरून येणारी रक्कम महिनाअखेरपर्यंत पुरत नसेल, त्यांनी विद्यार्थी विकास मंडळाकडे या योजनेची चौकशी करावी, आणि अर्ज मुदतीच्या आत द्यावा.